मामांचं देणं

(दहावी १९८३च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळी २०२३च्या सुट्टीत केलेलं भाषण. जसं बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



सकाळपासून बघतोय, प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतोय, "अरे, तू अजिबात बदलला नाहीस." चाळीस वर्षांत एकमेकांशी आपण पहिल्यांदाच एवढं खोटं बोललो असू. पण गणिताचे सर मघाशी आत आले आणि मी आपोआप उठून उभा राहिलो. तेव्हा तेवढं तरी बदललेलं नाही.

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'कृतज्ञता'. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हा विषय देणं धोक्याचं असतं. आम्हाला 'ऋण' म्हटलं की व्याज आठवतं. तरी मी आज एका ऋणाबद्दलच बोलणार आहे. ते कुठल्या खात्यात नोंदलेलं नाही, त्याला तारण नाही, आणि ज्यांचं आपण देणं लागतो त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

तुम्हाला आपले घंटेचे मामा आठवतात का?

आठवतात, हे तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. खाकी अर्धी पँट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि पिंपळाखाली टांगलेला तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तास संपला की टण्, मधली सुट्टी झाली की टण् टण्, आणि शाळा सुटली की लांब घणघणाट. पण त्या शेवटच्या घणघणाटाआधी एक अडचण असायची. शाळा सुटताना 'वंदे मातरम्' व्हायचं. आपण दप्तरं खांद्याला लावून, एक पाय वर्गाबाहेर ठेवून उभे. कधी एकदा गाणं संपतंय आणि कधी घंटा होतेय! मामा मात्र पिंपळाखाली डोळे मिटून, ताठ उभे राहून, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात आणि सगळ्यांपेक्षा बेसूर गायचे. कुणी घाईघाईत शेवट गुंडाळला तर त्यांचं गाणं तेवढं मागे राहायचं. ते पूर्ण करूनच हातोडीला हात लावायचे. आपण चरफडत थांबायचो.

दहावीच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी नकला केल्या होत्या. बऱ्याच जणांना ते आठवत असेल, कारण सकाळपासून तिघांनी मला त्या पुन्हा करायला सांगितल्या आहेत. त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा झाला तो मामांच्या नकलेला. टोपी घातली, डोळे मिटले, मान ताठ केली आणि चिरक्या आवाजात ते गाणं सुरू केलं. मंडप हसून आडवा झाला. पहिली रांगसुद्धा हसली. मामा मागे, दाराच्या खांबाला टेकून उभे होते. तेही हसत होते. मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो आमच्या घरात अजून आहे, त्यात डाळ असते.

आता मी तुम्हाला तेरा वर्षं पुढे नेतो. नोव्हेंबर १९९६. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली होती. बँकेत नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने 'मी जिवंत आहे' असं लिहून द्यायचं असतं. त्या दिवशी रांगेत दोन म्हातारे एकमेकांच्या आधाराने उभे होते. एकाला स्वातंत्र्यसैनिकांची सन्मान पेन्शन होती. दुसरे आपले मामा, शाळेची पेन्शन घ्यायला आलेले. मी टेबलामागून उठलो, पाया पडलो. मामांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "का रे, तू तो नकलेवाला ना?"

मला ओशाळल्यासारखं झालं. चहा मागवला, दोघांना आत बसवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या दुसऱ्या आजोबांना विचारलं, "तुम्ही मुक्तिसंग्रामात तुरुंगात होतात का?" ते म्हणाले, "होतो. पण साहेब, ह्या पेन्शनीत अर्धा वाटा ह्याचा आहे. याच्याजवळ कागद नाही, म्हणून याला मिळत नाही."

मग मला हळूहळू सगळं कळलं. ते सांगण्याआधी त्या काळाबद्दल थोडं बोलतो. आपण याच मातीतले असूनही यातलं फार थोडं वाचलेलं असतं. निदान माझं तरी तसं होतं.

देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, पण आपलं गाव झालं नाही. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या संस्थानातल्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. आजचा हा आपला मेळावा त्या काळात भरवायचा ठरवला असता, तर पहिली चौकशी मंडपवाल्याकडे नाही, सरकारी कचेरीत करावी लागली असती. 'गश्ती निशान ५३' नावाचं एक फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी. खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. माध्यमिक शिक्षण बहुतेक ठिकाणी उर्दूतून. उर्दू सुंदर भाषा आहे, आपल्या बोलण्यात ती अजून जागोजाग आहे. पण घरी मराठी बोलणाऱ्या पोराला भूगोल आणि गणितसुद्धा परक्या भाषेत घोकायला लागणं ही वेगळी गोष्ट. म्हणून ज्यांनी त्या काळात मराठी शाळा काढल्या त्यांनी निव्वळ शिक्षणाचं काम केलं असं म्हणता येत नाही. सरकारच्या दृष्टीने तो गुन्ह्याच्या अगदी शेजारचा उद्योग होता.

इथे शिक्षक मंडळी बसली आहेत म्हणून आवर्जून सांगतो. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी मुख्याध्यापक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत. १९३८ साली त्यांनी शाळा सोडली आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. पुढे १५ ऑगस्ट १९४७ला देशभर झेंडे फडकत होते, तेव्हा हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. आपल्याकडे झेंडा फडकायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेरा महिने उशीर.

त्याच १९३८ सालच्या अखेरीला औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नावं काढून टाकली गेली. हे लोण शाळांपर्यंत आलं. कॉलेजच्या बऱ्याच मुलांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं, त्यांचं शिक्षण पुढे झालं, त्यातले कित्येक मोठे झाले. नागपूरचे हे उपकार मराठवाड्याने विसरू नयेत.

पण शाळकरी पोरांना कोण नागपूरला नेणार?

मामा तेव्हा पंधरा वर्षांचे. जिल्ह्याच्या गावी एका नातलगाकडे राहून शिकत होते. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला तो पहिलाच मुलगा. वर्गातल्या काही मुलांनी गाणं म्हटलं, त्यात हेही होते. त्यांना सांगण्यात आलं, "पुन्हा म्हणणार नाही असं लिहून द्या आणि वर्गात बसा." काहींनी लिहून दिलं. मामांनी दिलं नाही. नाव कमी झालं. शाळा संपली ती कायमची.

मी विचारलं, "मामा, तेवढ्या वयात एवढं धाडस कसं झालं?"

तर म्हणाले, "धाडस कसलं आलंय! ह्यानं सही केली नाही, म्हणून मीबी केली नाही." ह्याने, म्हणजे शेजारी बशीतून चहा पिणाऱ्या त्या दुसऱ्या आजोबांनी. "आणि ज्यांनी सही केली त्यांना नावं नको ठेवूस. त्यांच्या घरीबी चूल होती."

पुढची नऊ-दहा वर्षं मामांनी शेतात राबून काढली. मग १९४७-४८चा काळ आला. रझाकारांची भीती गावोगाव पसरली. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे तिकडे स्वातंत्र्य आलेलं. उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांची शिबिरं होती, अनेक कुटुंबं नदी ओलांडून तिकडे गेली होती. मामांचा मित्र पकडला गेला. मामा पकडले गेले नाहीत. ते रात्री नदी ओलांडून चिठ्ठ्या नेत-आणत, आणि दर आठवड्याला मित्राच्या आईकडे आपल्या घरातलं ज्वारीचं पीठ पोचवत. त्या माउलीच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. मामांच्या बायकोने, म्हणजे आपल्या मामींनी, त्या वर्षभरात दळलेल्या प्रत्येक पायलीतून एक वाटा वेगळा काढला. स्वतःच्या लेकरांच्या ताटातून काढला, हे मला त्या मित्राने सांगितलं. मामांनी नाही.

आता पेन्शनचा कागद कसला आणायचा? सन्मान पेन्शन १९७२ साली सुरू झाली. तिला तुरुंगवासाचा नाहीतर भूमिगत राहिल्याचा पुरावा लागतो. नियम असणं बरोबरच आहे, मी बँकेतला माणूस आहे, कागदाशिवाय मीही पैसे देत नाही. पण पिठाचा दाखला कोणती कचेरी देईल? शाळा सुटल्याचा दाखला मिळतो. शाळा 'सोडावी लागल्याचा' दाखला मिळत नाही.

आणि हाच माणूस पुढे आपल्या शाळेत शिपाई म्हणून लागला. ज्याला शाळेतून काढलं, त्याने तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळेची घंटा वाजवली. ज्या गाण्यापायी काढलं, ते गाणं रोज संध्याकाळी, सुटीच्या घंटेआधी, पूर्ण म्हटलं. आणि मी त्याची नक्कल केली.

मी त्या दिवशी मामांची माफी मागितली. माझा आवाज बहुतेक फुटला असावा. मामा म्हणाले ते मी घरी जाऊन डायरीत लिहून ठेवलं होतं, तेच वाचतो: "खुळा का काय तू? अरे, आमच्या टायमाला ते गाणं म्हणायचं तर आधी दाराबाहेर बघावं लागायचं. तुम्ही लेकरं हसत होता. शिपाई आला नाही, कुणाचं नाव कमी झालं नाही, उलट तुला बक्षीस मिळालं. मी मागं उभा राहून म्हणलं, चला, बरं झालं. आता ह्याच्यावर हसताबी येतंय."

मित्रांनो, स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. पण मामांनी माफ केलं म्हणून माझं देणं फिटत नाही. ते हसले तो त्यांचा मोठेपणा. मला माहीत नव्हतं, ही माझी सबब. आणि मी सहा वर्षं रोज त्यांना पाहूनही एकदा विचारलं नाही, ही माझी चूक. आपण सगळ्यांनीच विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगितली नाही तर मामांवर अन्याय होईल. हा लढा निजामाच्या राजवटीशी होता, कुठल्या धर्माशी नव्हता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. लिहिणारा हातही तोडला. लिहिण्याच्या स्वातंत्र्यासाठी आपल्याकडे दिलेल्या किमतीत हे नाव फार वर येतं. आणि सप्टेंबरमध्ये भारताचं सैन्य आल्यावर, आनंदाच्या त्याच दिवसांत, आपल्या जिल्ह्यासकट अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिने ते नोंदवलं आहे. मामांना ज्यांनी लहानपणी अलिफ-बे गिरवायला शिकवलं ते मौलवीसाहेब त्यांच्याच गावात राहत. त्या दिवसांत मामा रात्री काठी घेऊन त्यांच्या ओट्यावर झोपत. मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "मास्तर होते ना माझे." एवढंच.

आपल्या वर्गात सगळ्या जातीधर्मांची पोरं एका बाकावर बसून एकमेकांचे डबे पळवत होती. ते बाक आपोआप तयार झालेलं नव्हतं. कुणीतरी ओट्यावर झोपलं होतं.

आता माझ्या खात्यातली एक गोष्ट सांगतो आणि मुद्द्यावर येतो. ३० जानेवारी १९४८ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, आपल्या नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक या लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी लुटली. लाखो रुपये होते. बँकेच्या प्रशिक्षणात दरोड्यांवर एक तास असतो, तिथे मी हे सांगितलं तेव्हा शिकवणाऱ्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मला त्या घटनेतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी त्या पैशाचा हिशेब ठेवला आणि पुढे तो सादर केला. डोक्यावर मृत्यू असताना, जंगलात फिरताना हिशेब ठेवला!

त्यांनी लुटीचा हिशेब दिला. आपल्याला तर सगळं हक्काने मिळालं. सभा भरवतो, परवानगी विचारत नाही. मराठीतून शिकलो. पेपरात सरकारला शिव्या देतो आणि रात्री घरी शांत झोपतो. त्याचा हिशेब आपण कुणाला दिला?

हार घालून तो होत नाही. यंदा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाची ७५ वर्षं पूर्ण झाली, गावोगाव कार्यक्रम झाले, चांगलंच झालं. पण मामांचं नाव कुठल्याही स्तंभावर नाही आणि ते तिथे कोरायला मी सांगतही नाही. मामांची जी गोष्ट हिरावली गेली ती होती शाळा. त्यांचं देणं द्यायचं तर ते शाळेतच द्यावं लागेल.

आज सकाळी मुख्याध्यापिका बाईंशी बोललो. त्यांना विचारलं, शाळेला सगळ्यात जास्त त्रास कशाचा? त्या म्हणाल्या, दिवाळीनंतरच्या हजेरीचा. वाडी-तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. नववी-दहावीची मुलंमुली त्यांच्याबरोबर जातात, कारण मागे ठेवायचं तर जेवूखाऊ कोण घालणार? काही मार्चमध्ये परत येतात. काही येतच नाहीत, मुलींचं तर लग्नच होऊन जातं. पटावर नाव असतं, बाकावर कुणी नसतं. १९३८ साली नाव कमी करायला फर्मान लागलं होतं. आज फर्मानाची गरज पडत नाही, एवढाच फरक.

आपल्या तुकडीने शाळेला प्रवेशद्वारावर संगमरवरी पाटीची स्वागत कमान द्यायचं ठरवलं आहे. पाटीवर आपली सगळ्यांची नावं येणार आहेत. त्या ठरावाला मीही हात वर केला होता, हे कबूल करतो. आज मी माझा हात खाली घेतो. माझी विनंती अशी आहे की कमान राहू द्यावी, आणि जमलेल्या पैशातून ऊसतोडीच्या पाच महिन्यांत मागे राहू इच्छिणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करावी. एका वर्षापुरती नाही, दरवर्षी. मोठी इमारत लागत नाही. दोन खोल्या, स्वयंपाकाला एक बाई, मुलींजवळ रात्री राहणारं एक जबाबदार माणूस, आणि हिशेबाची एक वही. वही मी ठेवीन. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय... म्हणजे स्वेच्छेने, घरी तसं सांगितलेलं नाही, कृपा करून तुम्हीही सांगू नका.

काही जण म्हणतील, कमानीवर नाव राहतं, जेवणावर राहत नाही. बरोबर आहे. मामींनी काढून ठेवलेल्या पिठावर कुणाचं नाव होतं?

मामा २००२ साली गेले. त्यांचा तो मित्र त्यांच्या आधी वर्षभर. शेवटच्या नोव्हेंबरमध्ये मामा एकटेच दाखला द्यायला आले होते. सही करताना म्हणाले, "दरवर्षी लिहून देतो बाबा, की मी जिवंत आहे. एकदा पंधराव्या वर्षी लिहून दिलं नाही, त्याची ही भरपाई." आणि आपल्याच विनोदावर खूप हसले.

गुरुजनहो, तुम्ही आम्हाला शिकवलंत, म्हणून आम्ही तुमच्यापुढे नमस्कार करतो. पण तुमचा तास सुरू झाला हे सांगणारी घंटा ज्यांनी वाजवली, त्यांनाही आज तुमच्या रांगेत बसवूया. आणि संध्याकाळी कार्यक्रम संपताना 'वंदे मातरम्' होईल तेव्हा एवढंच करा: बेसूर झालं तरी चालेल, पण घाई करू नका. पूर्ण म्हणूया.

कमानीचा विषय जेवणाआधी घेऊया, कारण जेवणानंतर आपण कुठलाच विषय घेत नाही, हे चाळीस वर्षांपूर्वीही खरं होतं.